काटोल नावाचा संग्रह

५ जानेवारी १९८७, सोमवार

ही वही मी हौसेने धरलेली नाही. कॉलेजात काँप्युटर आला आणि त्याच्यासोबत प्राचार्य दाणींनी एक रजिस्टर दिले. रकाने चार: वेळ, नाव, काम, सही. पहिल्याच दिवशी 'काम' या रकान्यात मी लिहिले, "यंत्राने ऐकले नाही." दाणींनी ते लाल शाईने खोडले आणि म्हणाले, "सत्यवतीबाई, रजिस्टरमध्ये मतं नकोत." म्हणून मतांसाठी ही वेगळी वही.

यंत्र आमच्या संख्याशास्त्र विभागाच्या खोलीतच बसवले आहे. एअरकंडिशनर यायचा आहे, त्यासाठी माझे कपाट हलणार. कपाटात काटोलच्या संत्र्यांची चोवीस वर्षांची वजने आहेत. तीस एप्रिलला मी निवृत्त होते. दाणी म्हणाले, "तोपर्यंत यंत्रात जाईल ते राहील. बाकीचं रद्दीत घालावं लागेल." रद्दी हा शब्द त्यांनी फार हळू आवाजात उच्चारला, जणू घरात कोणी आजारी आहे.

म्हणजे मला एकोणसाठाव्या वर्षी टाइप करायला शिकले पाहिजे.

७ जानेवारी

काँप्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे असा नियम आहे. शिपाई कवडूला तो फार आवडला. आज त्याने यंत्रासमोर नारळ फोडला आणि पडद्याच्या काचेवर कुंकवाचे बोट लावले. मी ते पुसायला लावले.

"बाई, चपला काहाडून आत याले लावता, मंग देव नाही तं काय हाये ते?"

"यंत्र आहे."

"मंग चपला काहून काहाडाच्या?"

मी त्याला खडू आणायला पाठवले. इथे खडू लागत नाही हे नंतर लक्षात आले.

१४ जानेवारी, संक्रांत

यंत्रासोबत तीन फ्लॉपींवर संख्याशास्त्राचे पॅकेज आले आहे. त्यात करून बघण्यासाठी आधीपासूनच भरलेले अठरा संग्रह आहेत. 'लिस्ट' असे टाइप केले की नावे खाली उतरत येतात, हिरव्या अक्षरांत. एक नाव निवडायचे, की आकडे हजर. चित्र मागितले की पडदा चांदण्यांचे ढीग रचून दाखवतो, जिथे आकडे जास्त तिथे ढीग उंच.

आज तीन संग्रह उघडले. बापलेकांच्या उंच्या (परदेशी). मोटारगाड्या आणि त्यांना लागणारे पेट्रोल (परदेशी). एका फुलाच्या पाकळ्यांची लांबीरुंदी (फूलही परदेशी). आपल्याकडच्या कशाचीच उंची, वजन किंवा लांबी कोणी या डब्यात घातलेली नाही.

तरी एक गोष्ट कबूल करते. प्रत्येक संग्रहाच्या डोक्यावर एक टीप आहे: कोणी मोजले, कुठे, कधी, कशाने. हे मला पसंत पडले.

विभागातली दुसरी प्राध्यापिका चारुशीला लांबट, वय सत्तावीस. यंत्र तिला लगेच ऐकते. साडेपाचला सुटी झाली तरी घरी जात नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून राहते. मनीषनगरला नवीन बिऱ्हाड आहे, नवरा बँकेत आहे, आणि बाईंना घरी काम नाही असे दिसते. माझ्या खुर्चीवर डोळा असावा. असू दे. साडेतीन महिन्यांत मिळेलच.

जाताना तिने तिळगूळ दिला. कडक होता.

२२ जानेवारी

काटोलच्या बाजारातून नत्थूजींनी एसटीच्या कंडक्टरबरोबर संत्र्यांची टोपली पाठवली. मीच कार्ड टाकले होते: यंत्र आले आहे, मुलींना वजनाचे प्रात्यक्षिक दाखवायचे आहे, शंभर संत्री पाठवावीत.

नत्थूजींची ओळख लिहून ठेवते. १९६३ पासून ७१ पर्यंत दर डिसेंबरला मी वीस मुली घेऊन काटोलला जात असे. नत्थूजींच्या ढिगातून मुली शंभर-शंभर संत्री मोजत आणि मी काट्यावर वजन घेई. असे दहा वेळा. नत्थूजींचा धंदा मोजणीचा, पण मी त्यांना हात लावू देत नसे. शास्त्रीय कामात तिऱ्हाइताचा हात नको. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि माझे जाणे बंद झाले. बहात्तरपासून नत्थूजी स्वतः शंभर-शंभरचे दहा ढीग तोलतात आणि वजने एका पोस्टकार्डावर लिहून पाठवतात. एकही वर्ष चुकले नाही.

तर टोपली. चारुशीलेला मोजायला सांगितली. ती म्हणाली, "मॅडम, एकशे दहा आहेत."

मी म्हटले, "शंभर मागवली आहेत. परत मोज."

तिने परत मोजली. "एकशे दहाच, मॅडम."

कवडूने टोपलीत डोकावून सांगितले, "शंभर हायेत, बाई. बरोबर हायेत."

एक एम.एस्सी. झालेली आणि एक चौथी नापास, दोघांचे उत्तर वेगळे आणि दोघेही ठाम. मी चारुशीलेला सर्वांसमोर सुनावले की ज्या विभागात शंभर मोजता येत नाही तिथे काँप्युटर आणून उपयोग नाही. तिने मान खाली घातली. मग मी स्वतः मोजली. एकशे दहा भरली.

म्हणजे नत्थूजी थकले. दहाची चूक! कार्ड टाकले आहे की मोजताना काळजी घ्यावी.

चारुशीलेला काही बोलले नाही. तिने दोनदा मोजले होते, पण ठामपणे सांगायला हवे होते.

४ फेब्रुवारी

नत्थूजींचे उत्तर आले. "मोज बरोबर हाये. चाळीस सालापासून मोजतो, बाई. यंदा या." बस. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

'यंदा या' हे ते दरवर्षी लिहितात. ती वजने नव्हेत, म्हणून मी वजनांच्या रजिस्टरात कधी उतरवले नाही.

१२ फेब्रुवारी

आज अकरावा संग्रह. परदेशात कुठेतरी जमिनीतून गरम पाण्याचा फवारा उडतो. एक फवारा संपल्यावर दुसरा किती मिनिटांनी उडतो, याचे दोनशेच्या वर आकडे. चित्र मागितले आणि मी चष्मा पुसला. एक ढीग नव्हे, दोन ढीग! मधे चक्क खळगा.

सरासरी काढली तर ती नेमकी त्या खळग्यात पडते. म्हणजे सरासरीइतका वेळ जवळजवळ कधीच लागत नाही. तीस वर्षे मी मुलींना सरासरी शिकवते आहे. हे उदाहरण मला सत्तावन्न साली मिळाले असते तर!

"असं काहून होऊन राहिलं, मॅडम?" चारुशीलेने विचारले. उत्साहात आली की ती अशी बोलते.

मी सांगितले, "दोन ढीग दिसले की समजायचं, दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात घातल्या आहेत. आधी पोतं उसवायचं, मग सरासरी."

तिने हे वाक्य वहीत लिहून घेतले.

त्या संग्रहाच्या टिपेत शेवटी एक कबुली आहे: काही नोंदी घड्याळ न बघता अंदाजाने केल्या आहेत, वापरणाऱ्याने सांभाळून वापराव्यात. कोण हा गृहस्थ असेल? आपलीच उणीव आपण होऊन छापतो. असा माणूस आमच्या विद्यापीठात भेटायला हवा होता.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुटी. तरी मी कॉलेजात गेले, कारण रोज दहा ओळींच्या वर माझ्याच्याने टाइप होत नाही आणि दिवस थोडे आहेत. चारुशीला आधीच येऊन बसली होती. "उपास आहे, मॅडम, घरी बसून भूकच लागते." मी आकडे वाचायचे, तिने टाइप करायचे, असे ठरले. दुपारी तिने डबा उघडला, भगर आणि दाण्याची आमटी. दोन माणसांची होती. नवऱ्याचा अंदाज चुकला असावा, असे ती म्हणाली. पुरुषांनी स्वयंपाक करू नये.

एकशे सत्तर ओळी झाल्या.

आता लिहूनच ठेवते, ही वही कोणी बघत नाही. या वजनांवर माझा एकुलता एक छापील लेख उभा आहे, १९७९ चा. काटोलच्या शंभर संत्र्यांचे वजन बहात्तरपासून दहा टक्क्यांनी वाढले. कारण विहिरींवर विजेचे पंप आले. दाणींना तो लेख तोंडपाठ आहे. ते निरोपसमारंभात त्याच्यावर बोलणार आहेत. आणि काटोलचा संग्रह पॅकेजमध्ये एकोणिसावा म्हणून घालून त्याची फ्लॉपी विद्यापीठाच्या बारा कॉलेजांना पाठवायची, असा त्यांचा बेत आहे. मी 'बघू' म्हटले. आत काय झाले ते इथेही लिहीत नाही.

९ मार्च, सोमवार

दोनशे चाळीस ओळी पूर्ण. संग्रहाला नाव दिले 'काटोल'. चित्र मागितले.

दोन ढीग.

एक एका संत्र्याला एकशे तीस ग्रॅमच्या आसपास, दुसरा एकशे त्रेचाळीसच्या आसपास. मधे खळगा.

मी म्हटले, "बरोबर. पंपांच्या आधी आणि पंपांच्या नंतर."

चारुशीलेने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, पंप सगळ्यांकडे एकाच वर्षी आले का?"

"म्हणजे?"

"म्हणजे वजन सावकाश चढायला हवं ना? मधली वर्षं कुठे आहेत? एकाहत्तरला एकशे तीस आणि बहात्तरला एकदम एकशे त्रेचाळीस. त्याच्यानंतर पंधरा वर्षं जागचं हलत नाही."

मी तिला सांगितले की साडेपाच वाजून गेले आहेत आणि तिने घरी जावे.

१० मार्च

झोप नीट झाली नाही. एकशे त्रेचाळीस भागिले एकशे तीस. एक पूर्णांक एक दशांश. अगदी नेमके. निसर्ग इतका नेमका नसतो. इतका नेमका माणूस असतो.

कवडूला विचारले, "त्या दिवशी टोपलीत शंभर आहेत असं तू कशावरून म्हणालास?"

"टोपली पाहून, बाई. शंभराची टोपली तेवढीच असते."

"पण त्यात एकशे दहा होती."

"हो. शंभराची होती."

याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. काटोललाच गेले पाहिजे.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळच्या बसने काटोल. पंधरा वर्षांत रस्ता बराच सुधारला आहे, ड्रायव्हर नाही.

नत्थूजी त्याच कडुनिंबाखाली बसले होते. सत्तरीचे झाले आहेत, दात गेले आहेत, हात तेच. मला बघून उठले नाहीत, नुसते हसले.

"या बाई, या. पंधरा सालं कार्डं लिवून राहिलो, यंदा या, यंदा या. मले वाटलं आता मी मेल्यावरच येता."

मी म्हटले, "नत्थूजी, मला शंभर संत्री मोजून दाखवा. नेहमी मोजता तशी."

"पोरी नाही आनल्या मोजाले? मले तं हात लावू देत नव्हत्या तुमी."

"आज तुम्हीच मोजा."

ते मोजू लागले. एका हातात दोन, दुसऱ्या हातात तीन, पाचांची एक फेक. तोंडाने चाल लावलेली: "लाभ... दोन... तीन..." पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी छत्रीच्या टोकाने मातीत रेघा ओढत होते. "एकोणीस... वीस." आवाज थांबला. हात थांबले नाहीत. एक फेक, आणखी एक फेक, तोंडातून शब्द नाही. मग धोतराला हात पुसले. "झाले शंभर."

"नत्थूजी, हे काय टाकलंत?"

"काय?"

"आत्ता. विसानंतर."

"ते? वरचे हात व्हय, बाई. एक देवाचा, एक घेनाऱ्याचा. ते मोजाचे नसतात."

"दरवेळी?"

"दरवेळी. बापानं शिकोलं तवापासून."

"आणि वजन करताना?"

"वजन टोपलीचं. मंग काट्यावर देवाचा हात उतरवून ठेवाचा का?"

"मला कार्डात लिहायचं होतं ना हे!"

नत्थूजींनी टोपली बाजूला सारली. "तुमी कदी इचारलं नाही, बाई. कार्डाचं उत्तरच देत नव्हत्या. पंधरा सालांत दोन कार्डं आली तुमची, दोन्ही यंदा. एक संत्री पाठवा म्हून, एक मले मोजता येत नाही म्हून."

त्यांच्या घरी जेवले. भाकर, वांग्याची भाजी, आणि निघताना संत्री. किती दिली ते मोजले नाही.

१४ मार्च

चारुशीलेला सगळे सांगितले. प्रथम हे सांगितले की बावीस जानेवारीची तिची एकशे दहाची मोजणी ग्राह्य धरली आहे. तिचे डोळे भरून आले. एवढ्याशा दुरुस्तीला रडण्यासारखे काय होते कळत नाही.

मग ती म्हणाली, "मॅडम, सोपं आहे. बहात्तरच्या पुढच्या आकड्यांना एक पूर्णांक एक दशांशने भागू. एकशे तीस येतात. एकच ढीग. एकोणऐंशीचा लेख आता कोण काढून बघतंय?"

मी तिला फार रागावले. इतके रागावण्याचे कारण असे की काल परतीच्या बसमध्ये अर्धा रस्ता संपेपर्यंत मी हेच ठरवले होते.

१८ मार्च

दाणींकडे गेले. त्यांच्या टेबलावर निरोपसमारंभाच्या पत्रिकेचा कच्चा मजकूर होता, त्यात 'काटोलच्या संत्र्याची वजनवाढ शोधणाऱ्या'. मी उभ्याउभ्याच सांगितले की वजनवाढ झालेली नाही. देवाचा हात आहे.

त्यांना बसायला वेळ लागला.

"बाई, म्हणजे चोवीस वर्षांत संत्र्याचं वजन...?"

"आहे तेवढंच आहे."

"मग या संग्रहात आहे काय? बारा कॉलेजांना काय पाठवायचं? काही बदललं नाही, हे?"

"काही बदललं नाही हेसुद्धा चोवीस वर्षं मोजल्याशिवाय सांगता येत नाही."

त्यांनी पत्रिका दूर सारली. म्हणाले, चुकीचे आकडे कॉलेजच्या नावाने बाहेर जाणे त्यांना नको, मग कपाटही रिकामे करावे, विषय संपला. रद्दी हा शब्द या वेळी हळू उच्चारला नाही.

मी दारापर्यंत आले तेव्हा चारुशीला आत शिरली. न बोलावता. विभागप्रमुख बोलत असताना मधे येणे मला खपत नाही, पण ती माझ्याकडे न बघता दाणींच्या टेबलावर कागदांची चळत ठेवून म्हणाली:

"सर, पंधरा दिवस हा संग्रह मी तृतीय वर्षाला शिकवते आहे. मुलींना नुसतं चित्र दिलं आणि विचारलं, काय चुकलं असेल? एकोणीस मुलींनी लिहिलं आहे. सात जणींनी लिहिलं की मोजणारा बदलला. सर, त्या डब्यातल्या अठरा संग्रहांत मुली इतक्या कधीच भांडल्या नव्हत्या."

पंधरा दिवस! म्हणजे शेवटच्या ओळी टाइप होण्याच्या आधीपासून. म्हणजे नऊ मार्चला तिने पहिल्यांदा चित्र बघितले नव्हते. मला ती चित्र मागू देत होती. बाई पोहोचलेली दिसते.

दाणी कागद चाळत बसले. मग म्हणाले, "टीप कोण लिहिणार?"

"मी," मी म्हटले.

२२ एप्रिल

टीप अकराव्यांदा लिहिली. पॅकेजमध्ये टिपेला बारा ओळींच्या वर जागा नाही, ही चांगली गोष्ट आहे. सबबी मावत नाहीत.

लेख छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचे पत्र पाठवले. त्यांचे उत्तर अजून नाही. कदाचित नियतकालिकच नसेल.

कपाट ठेवायला कॉलेजात जागा नाही, यावर दाणी ठाम आहेत. रजिस्टरे चारुशीला मनीषनगरला नेते म्हणाली. दोन खोल्यांचे बिऱ्हाड! मी म्हटले, "नवऱ्याला विचारलंस का?" ती म्हणाली, "त्यांनी पलंगाखालचं सगळं कालच काढून ठेवलं, मॅडम."

बँकेतली माणसे कामसू असतात.

३० एप्रिल १९८७, गुरुवार

समारंभ झाला. दाणी माझ्या शिस्तीवर बोलले, लेखावर नाही. कवडूने भाषण न मागता केले: "बाईनं मले लई रागावलं, पन कदी मांगून नाही रागावलं, तोंडावर रागावलं." टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

सायंकाळी पाच वाजता विभागात खालील वस्तू चारुशीला लांबट यांच्या हवाली केल्या:

कपाटाची किल्ली, एक. कपाट रिकामे.

रजिस्टरे चोवीस, १९६३ ते १९८६.

नत्थूजींची पोस्टकार्डे सोळा. पंधरा वजनांची, एक यंदाच्या फेब्रुवारीचे. प्रत्येकाची शेवटची ओळ 'यंदा या'. हीही नोंद आहे. आजवर उतरवली नव्हती, आता शेवटच्या रकान्यात उतरवली आहे.

याच वहीतल्या २२ जानेवारीच्या पानाची नक्कल, माझ्या सहीने. एकशे दहाची पहिली मोजणी कोणी केली आणि ती कोणी नाकारली, ते त्यात आहे.

फ्लॉपी दोन, 'काटोल' या संग्रहाच्या. वजने दोन रकान्यांत, एकात आली तशी, दुसऱ्यात दुरुस्त. डोक्यावरची टीप अशी:

"काटोल बाजारातील संत्री, दर डिसेंबर, शंभराचे दहा ढीग. १९६३ ते ७१ विद्यार्थिनींनी मोजली. १९७२ पासून नत्थूजी यांनी मोजली. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे शंभरावर दहा संत्री न मोजता घातली जातात. नत्थूजींची मोजणी बिनचूक आहे. एकशे दहाचे वजन मी शंभराचे समजले. पंधरा वर्षांत एकदाही विचारले नाही. त्यावरून १९७९ साली मी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. — स. हरकरे"

संत्र्यांची टोपली एक, शेवटच्या तोड्याची, सकाळच्या बसने काटोलहून आलेली. चारुशीलेने मोजली, मी मोजली. शंभर, आणि वरचे दोन हात.

वरील सर्व मिळाले. — चारुशीला लांबट